नव्वद मिनिटांत संपत नाही हे

'सेल्टिक-रेंजर्सची खुन्नस मैदानापुरती, १९८९ नंतर धर्माचा प्रश्न उरलाच नाही' हे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या या दोन फुटबॉल संघांवरच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. सेल्टिकचे चाहते परंपरेने बहुतांशी कॅथलिक, तर रेंजर्सचे प्रोटेस्टंट. १९८९ मध्ये रेंजर्सने मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं हे खरं, पण त्यावर चिडून काही चाहत्यांनी स्कार्फ जाळले, हेही तितकंच खरं. आणि १९९५ चं काय? ग्लासगोत सामना पाहून घरी निघालेल्या सेल्टिकच्या १६ वर्षांच्या चाहत्याचा भररस्त्यात गळा चिरला गेला. तो सामना रेंजर्सशी नव्हताच, पार्टिक थिसल या ग्लासगोच्याच तिसऱ्या संघाशी होता! त्याच्या शाळेतल्या मैत्रिणीने पुढे अशा धर्मद्वेषाविरुद्ध काम करणारी 'निल बाय माउथ' ही संस्था उभी केली. तिचा लेखात साधा उल्लेखही नसावा याचं वाईट वाटलं.

मी शिकायला ग्लासगोत तीन वर्षं होतो. पबच्या दारावर 'फुटबॉलचे रंग घालून येऊ नये' अशी पाटी असायची. एका सामन्याच्या दिवशी मी हिरवा, म्हणजे सेल्टिकच्या रंगाचा, स्वेटर घालून निघालो, तर शेजारच्या आजींनी जिन्यातच अडवलं आणि म्हणाल्या, "बाळा, आज दुसरं काहीतरी घाल." तिथे 'तू कुठल्या शाळेत होतास?' हा प्रश्नही साधा नसतो. कॅथलिक सरकारी शाळा वेगळ्या, त्यामुळे शाळेच्या नावावरून धर्म कळतो, आणि धर्मावरून संघ गृहीत धरला जातो. माझ्यासोबत काम करणारा एक मुलगा तर शाळेचं नाव सांगायचंच टाळायचा.