‘ऑलवेज’ कुठेही घाला? घालून बघा

‘इंग्लिशमधली वारंवारता पाच मिनिटांत’ असा एक तक्ता ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. फिरू दे म्हटलं असतं, पण आता तो भाचीच्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरलाय, वर लाल शाईत ‘पाठ करणे’. तक्त्याचं म्हणणं असं: ऑलवेज म्हणजे १०० टक्के, युज्वली ९०, ऑफन ७०, समटाइम्स ५०, रेअरली ५, नेव्हर ०. हे शब्द वाक्यात कुठेही घाला, अर्थ तोच राहतो. नकारार्थी वाक्य हवं तर नुसता नॉट जोडा. आणि ऑलवेजबरोबर आयएनजीचं क्रियापद चालतच नाही.

यातलं सगळ्यात घातक ‘कुठेही घाला’. शेजारी नॉट आला की जागाच अर्थ ठरवते. ‘ही डझन्ट ऑफन टेल द ट्रूथ’ म्हणजे तो क्वचितच खरं बोलतो. ‘ही ऑफन डझन्ट टेल द ट्रूथ’ म्हणजे तो बरेचदा खोटं बोलतो किंवा खरं दडवतो. उरलेल्या वेळी खरं बोलतही असेल. पहिल्या माणसावर विश्वास टाकायचा नाही, दुसऱ्याचं तपासून घ्यायचं. शब्द तेच, फक्त दोघांनी जागा बदलली. नॉट आधी आला तर तो ऑफनलाच नाकारतो. ऑफन आधी आला तर नाकारणं किती वेळा घडतं ते सांगतो.

मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी बसतं. ‘तो नेहमी कुलूप लावत नाही’ याचा अर्थ ‘कधी लावतो, कधी विसरतो’ असाही होतो आणि ‘कधीच लावत नाही’ असाही. आवाजाच्या चढउतारावरून आपण ओळखतो. लिहिलेल्या इंग्लिशमध्ये ते काम मुख्यतः शब्दांचा क्रम करतो. आता हीच चूक सूचनाफलकावर गेली तर? ‘द व्हॉल्व्ह मस्ट नॉट ऑलवेज बी ओपन’ म्हणजे झडप सदानकदा उघडी नको, अधूनमधून असली तर हरकत नाही. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ‘कधीच उघडी नको’. तिथे ‘मस्ट नेव्हर बी ओपन’ हवं.

बरं, नॉट नसला तरी जागा महत्त्वाचीच. ‘शी ऑलवेज प्रॉमिस्ड टू कॉल’ मध्ये वचन दर वेळी दिलं जातं, फोनचं सांगता येत नाही. ‘शी प्रॉमिस्ड टू ऑलवेज कॉल’ मध्ये वचन एकच, पण कायम फोन करण्याचं.

नाइलाजाने कबूल करतो की समटाइम्स, युज्वली, ऑफन वाक्याच्या सुरुवातीला गेले तरी बहुधा काही बिघडत नाही. युज्वली तर नॉटच्या अलीकडे-पलीकडे कुठेही ठेवा, फरक जवळजवळ नाही. पण ऑलवेज सुरुवातीला सहसा फक्त आज्ञेत येतो, आणि नेव्हर पुढे आणला की साहाय्यक क्रियापदही कर्त्याच्या आधी येतं: ‘नेव्हर हॅव आय सीन’. एरवीचा साधा नियम: मुख्य क्रियापदाच्या आधी, ‘इज-आर-वॉज’नंतर, साहाय्यक क्रियापदं दोन असतील तर पहिल्यानंतर.

टक्केवारीचं काय? टक्के कशाचे, हे तक्ता सांगतच नाही. डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७५ च्या निबंधात दाखवलं की हे शब्द मुळात वेळा मोजत नाहीत, प्रकरणं मोजतात. वर्गसमीकरणाला ‘युज्वली’ दोन वेगळी उत्तरं असतात, असं म्हटलं तर एकच समीकरण कधी दोन उत्तरं देतं आणि कधी एक, असं कोणी समजत नाही. बहुतेक समीकरणांबद्दल ते विधान असतं. शिवाय आकडा संदर्भाने बदलतो. विमान ‘ऑफन’ कोसळतं म्हणायला ७० टक्के लागत नाहीत, शंभरात एक पुरे! युरोपीय संघातल्या औषधांच्या माहितीपत्रकांत ‘रेअर’ दुष्परिणाम म्हणजे हजारात एकापेक्षा कमी आणि दहा हजारात किमान एक. तक्त्यातला रेअरली ५ टक्के, म्हणजे किमान पन्नास पट फरक.

‘नुसता नॉट जोडा’ हे नेव्हर, सेल्डम, रेअरली, हार्डली एव्हर यांच्याबाबत तर साफ चूक. नकार त्यांच्या पोटातच आहे. मराठीत ‘कधीच’ला ‘नाही’ लागतं म्हणून मुलं ‘ही डझन्ट नेव्हर कम’ लिहितात. प्रमाण इंग्लिशमध्ये दोन नकार एकमेकांना खोडतात आणि तो येतो, असं होऊन बसतं.

ऑलवेज आणि आयएनजी चालतं, अगदी रोज. ‘ही ऑलवेज लूझेस हिज कीज’ ही माहिती. ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ ही कटकट. दुसऱ्यात ‘दर वेळी’ हा अर्थ नसतो, ‘जेव्हा बघावं तेव्हा’ असतो.

तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरात लिहिलंय, ‘डोन्ट ऑलवेज फर्गेट धिस चार्ट’. म्हणजे दर वेळी विसरू नका, अधूनमधून विसरलात तर चालेल.