परदेशी पैसा होटगी रोडला का उतरत नाही

सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून विमानसेवा सुरू झाली आणि प्लॉट विकणाऱ्यांच्या तोंडी नवं पालुपद आलं: 'परदेशी गुंतवणूक येतेय साहेब, आत्ताच विसार द्या.' विसार देण्याआधी एवढं वाचा.

जमीन घ्यायची आणि भाव चढला की विकायची, हा धंदा परदेशी गुंतवणुकीला आपल्याकडे बंद आहे. फार्महाऊस बांधणं आणि टीडीआरची (बांधकामाच्या हस्तांतरणीय हक्कांची) खरेदी-विक्रीही बंद. टाउनशिप-घरबांधणीला 2005 साली 100 टक्के मुभा मिळाली, तेव्हा बांधकाम किमान 50 हजार चौरस मीटर लागायचं. 2014 ला ते 20 हजारांवर आलं, 2015 ला अटच गेली. पण प्लॉट पाडून विकायचे असतील तर रस्ते, पाणी, दिवे, ड्रेनेज आधी हवं. चुन्याच्या रेघा मारून दगड रोवलेलं रान यात बसत नाही.

अट गेली, तरी पैसा इकडे वळत नाही, कारण मोठे फंड जमीन बघत नाहीत, भाडं बघतात. भाडेकरूंनी भरलेली ऑफिसं घ्यायची, काही वर्षांनी रीटमध्ये (भाड्याच्या इमारतींचे शेअरसारखे हिस्से विकणाऱ्या ट्रस्टमध्ये) घालून बाहेर पडायचं. नेहमीच्या मोठ्या रीटला किमान 500 कोटींची मालमत्ता लागते, त्यातली 80 टक्के बांधून तयार आणि भाडं देणारी. आपल्याकडे चादर-टॉवेलवाला असो की गारमेंटवाला, बहुतेक जण स्वतःच्याच शेडमध्ये बसलेले. आणि ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे आयटी पार्कला भाडेकरू कुठून आणणार? उजनी धरण भरलेलं असलं तरी!

परिणाम होतो, पण उलटा. तो पैसा पुण्यात ऑफिसं उभी करतो, आपली पोरं खराडी-हिंजवडीला जातात, तिथले फ्लॅट महागतात, आणि डाउन पेमेंटसाठी जुळे सोलापुरातला वडिलांचा प्लॉट विकायला निघतो.

तेव्हा गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन, आडवी येते. सात-बाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, प्रत्येकापुढे दोन-तीन गुंठे. पण कुणाचा तुकडा रस्त्याला आणि कुणाचा ओढ्यात, हे कुठेच नाही. मंजूर लेआऊट नाही म्हणून घेणाऱ्याला बँक कर्ज देत नाही. भाव मग कट्ट्यावर बोलण्यापुरता. म्हणून बिगरशेती (एनए) झाल्याचा कागद, मंजूर रेखांकन आणि मोजणीचा नकाशा, तिन्ही एकाच गट नंबरचे आहेत का ते जुळवून बघा. 'एनए होणार आहे' म्हणजे झालेलं नाही.

आणखी एक, यात घेणाराच अडकतो. विकणारा मुलगा अमेरिकेत राहत असेल तर नेहमीचा 1 टक्का टीडीएस (घेणाऱ्याने किमतीतून कापून सरकारकडे भरायचा कर) चालत नाही. जमीन दोन वर्षांहून जुनी असेल तर 12.5 टक्के, वर सेस, रक्कम मोठी असेल तर सरचार्जही. आणि तोही नफ्यावर नाही, अख्ख्या किमतीवर, विकणाऱ्याने कमी कपातीचा दाखला आणला नसेल तर. कमी कापलं तर नोटीस घेणाऱ्याच्या दारात येते. खरेदीखताआधीच विकणाऱ्याला विचारा, 'मुक्काम कुठं असतो?'