ताई, बॅटवरचे लाल डाग आम्ही मुद्दाम ठेवलेत

ताई नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय, तो तुमचा हक्क आहे, त्यावर काही म्हणणं नाही. पण तुमचं वाचून उद्या कोणीतरी घरातली जुनी बॅट सँडपेपरने घासायला बसेल ना, ती काळजी मला जास्त वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताईंना चवथीला (गणेश चतुर्थीला) भावाच्या नवीन फ्लॅटसाठी गिफ्ट द्यायचं होतं, म्हणून त्यांनी त्याची कॉलेजच्या वेळची बॅट आमच्याकडे आणून दिली, तिचा भिंतीवरचा की-होल्डर करायचा आणि वर लेदर बॉल अर्धा कापून बसवायचा असं ठरलं. आता त्यांचं म्हणणं आहे की बॅट जुनाटच दिसते, डाग तसेच आहेत, तेलाचा वास येतो, मैत्रिणीचं फुटबॉलचं घड्याळ मात्र आम्ही चकाचक करून दिलं, आणि जुलैत दिलेली ऑर्डर चवथीच्या तोंडावर हातात आली, मग २,६०० रुपये घेतले कशाचे?

आधी डागांचं. बॅट बनवताना विलोचं (बॅटसाठी वापरतात त्या लाकडाचं) पातं रोलरखाली दाबतात, त्याने वरचा थर घट्ट होतो आणि बॉलचा मार सोसतो. हा थर काही फार जाड नसतो. तुमच्या बॅटवरचा बॉलचा लाल रंग ह्याच थरात बसलाय, तो पूर्ण काढायचा तर हा थर घासावा लागतो, आणि मग खालचं मऊ लाकूड उघडं पडू शकतं. आपल्या गोव्यातली पावसाळ्यातली हवा तुम्हाला माहीत आहे, कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग असं उघडं लाकूड ओल ओढणारच, आणि बॅटचं खालचं टोक तर सगळ्यात आधी फुगतं. शिवाय तुमची बॅट कश्मीर विलोची आहे, ती मुळातच इंग्लिश विलोपेक्षा तपकिरी, कितीही घासली तरी नव्यासारखी गोरी होणार नाही, वरून रंगच मारावा लागेल. रंग मारलेली बॅट हवी असेल तर दुकानातून नवीन शोपीस घेतलेला बरा, भावाची बॅट त्यासाठी कशाला खर्ची घालायची?

आणि मला खरं जे सांगायचंय ते हे. आमच्या मेस्तांनी (सुतारांनी) ती बॅट टेबलावर ठेवली तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी मला दाखवली ती ही, की डाग बॅटभर विखुरलेले नाहीत, खालच्या टोकापासून वीतभर वर, बरोबर मधोमध दाटलेत. कडेला अगदी थोडे. म्हणजे ज्याची ही बॅट आहे तो बॉल मधोमध घ्यायचा, बॅटची कड लावून चौकार मिळवणाऱ्यातला नव्हता. एका कडेला चीर गेली होती तिथे कोणीतरी दोरा गुंडाळून गोंद लावलाय, तो पण आम्ही सोडवला नाही, फक्त सैल झालेलं टोक पक्कं केलं. हे सगळं पुसून टाकलं असतं तर भिंतीवर राहिलं काय असतं? एक लाकडाची फळी. बाजारात खेळाच्या थीमचं डेकोर ढिगाने मिळतं, कुठे मेस्सी, कुठे विराट. आमच्याकडे येणारे काहीजण दिलीप सरदेसाईंचा फोटो लावून मागतात, मडगावला जन्मलेला माणूस, १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात कसोटीत ६४२ रन काढले त्यांनी, आम्हाला अभिमानच आहे आणि तसं आम्ही आनंदाने करतोही. पण भावाच्या घरात भावाने स्वतः खेळलेली बॅट लावायची ही कल्पना त्याहून मोठी आहे, आणि ती तुमची होती ताई, आमची नाही.

मैत्रिणीच्या फुटबॉलचं विचाराल तर त्याचं कव्हर सिंथेटिक होतं. साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुतलं, सावलीत वाळवलं, झालं साफ. लाकडाला हे चालत नाही. फुटबॉल २०१२ मध्ये आपला राज्य खेळ झाला, फुटबॉलच्या ऑर्डरी खूप येतात, म्हणून लोकांना वाटतं सगळंच तसं धुऊन निघेल.

वेळ लागला तो तेलामुळे. आम्ही बॅटला अळशीचं कच्चं तेल लावतो, खेळाडू लावतात तेच, आणि ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. पावसाळ्यात त्याला जास्तच वेळ लागतो. एक हात वाळायच्या आधी दुसरा मारला तर बॅट चिकट राहते आणि मग त्यावर धूळ बसते ती कायमची. ऑर्डर घेतानाच मी फोनवर सांगितलं होतं की पावसातलं काम आहे, चवथीच्या आधी देईन, आणि चवथीच्या आधीच दिलं. वास त्याच तेलाचा आहे, हवेशीर खोलीत हळूहळू जातो. (कोणी घरी करत असाल तर तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आतून तापून पेट घेऊ शकतात, बाहेर पसरून वाळवा.)

आता पैसे. मागची पाटी फणसाच्या लाकडाची आहे, प्लायची नाही. हुक पितळेचे, कारण खाऱ्या हवेत लोखंडाचे गंजतात आणि गंजाचे ओघळ भिंतीवर येतात. हँडल पात्यात व्ही आकारात बसवलेलं असतं, त्या सांध्यात एकही स्क्रू मारलेला नाही, नाहीतर तिथूनच चिरतं, म्हणून सगळा भार मागच्या पाटीवर घेतलाय. बॉल कापला की आत कॉर्क आणि गुंडाळलेला दोरा असतो, कापल्यावर तो सुटायला लागतो, लेयर लेयर गोंद भरत बसावं लागतं. हे सगळं हाताने होतं, मेस्तांची मजुरी त्यात आली, आणि ती मी कमी करणार नाही.

एक सुचवते. बॅट तुमच्या भावाची आहे, त्यालाच एकदा विचारा. त्याने स्वतः सांगितलं की डाग काढा, तर मी एक रुपया न घेता पातं घासून, वर लॅकर सील करून देईन, पण एकदा घासलं की परत आणता येणार नाही हे त्याला माहीत असू दे. त्याला अशीच आवडली तर आमच्या डिचोलीच्या वर्कशॉपला फोन करा, लावायला आम्ही माणूस पाठवतो. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर लावू नका, ती पावसात ओल धरते, आतली भिंत बघा. आणि चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत असेल तर आधीच सांगा, ड्रिल मारल्यावर चिरा आत भुसभुशीत लागतो, साधा प्लग धरत नाही, लांब स्क्रू आणावे लागतील.