पाकिटावर ‘मणी’, आत टोमॅटोचे बी

परदेशातील एका बागप्रेमी गृहस्थांनी न मागता पुन्हा एकदा माझ्या नावे बियांचे पाकीट धाडले आहे. सीमाशुल्काच्या चिठ्ठीवर ‘शोभेचे मणी’ असे धडधडीत खोटे लिहिलेले, आत टोमॅटोच्या पाच जाती, आणि निदान बी तरी धुवावे, तर प्रत्येक दाण्याला वाळलेल्या गराचा पापुद्रा तसाच चिकटलेला. सोबत मजकूर काय, तर ‘बी रोगमुक्त असल्याच्या प्रमाणपत्राची कटकट वाचवली’. आता यांचे आभार मानायचे की काय?

ज्या पापुद्र्याची त्यांना पर्वा नाही, तिथेच टोमॅटोचा ब्राउन रुगोज विषाणू मुक्काम ठोकतो. 2014 साली तो इस्रायलमध्ये दिसला आणि काही वर्षांतच खंडोखंडी पोहोचला. बियांच्या आवरणावर तो तग धरून राहतो, रोपे हाताळताना मुळांना आणि पानांना होणाऱ्या बारीक जखमांतून आत शिरतो, आणि मग हात, कात्री, कपडे, आधाराच्या दोऱ्या यांवरून झाडोझाड फिरतो. त्यावर औषध नाही. झाडे उपटून नष्ट करावी लागतात.

‘पण बी किती टपोरे आहे!’ हे ऐकले की माझे डोके फिरते. रोग डोळ्यांना दिसत असता तर प्रयोगशाळा कशाला हव्या होत्या? हजारो दाण्यांत एखादाच बाधित असू शकतो, म्हणून या विषाणूच्या तपासणीसाठी साधारणपणे 3,000 बियांचा नमुना घेतात. यांच्या बारा दाण्यांचे काय तपासणार? तपासले तर पेरायला काही उरायचे नाही. हौशी माणसाला प्रमाणपत्राचा खर्च परवडत नाही, हे मला मान्य आहे. पण परवडत नसेल तर मागवू नये, खोटी चिठ्ठी कशाला चिकटवावी?

दक्षिण अमेरिकेत 1985 पासून ठाऊक असलेला गव्हावरील ब्लास्ट हा बुरशीजन्य रोग 2016 साली बांगलादेशात उपटला आणि हजारो हेक्टर पीक त्याच्या तावडीत सापडले. तिथल्या बुरशीचे जनुकीय नाते दक्षिण अमेरिकेतील बुरशीच्या वंशाशी जुळले. बुरशी काही समुद्र पोहून आली नव्हती. पिकांचे रोग आणि किडी देशोदेशी पसरू नयेत म्हणून केलेला 1951 चा आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार काय कारकुनांच्या करमणुकीसाठी झाला होता?

पाकीट दुहेरी पिशवीत बंद करून मी वनस्पती क्वारंटाइन कार्यालयात, म्हणजे परदेशातून येणारी रोपे-बिया तपासणाऱ्या कचेरीत, देऊन आलो. अर्धा दिवस गेला. घरी येऊन पाहतो तर त्याच गृहस्थांचा संदेश: ‘पेरले का? पुढच्या आठवड्यात मिरचीचे पाठवतो.’