गाडीतला एसी, बेन्झीन आणि दर उन्हाळ्यात फिरणारा संदेश

चैत्र लागून पारा चाळिशीकडे सरकू लागला, की मराठवाड्यातल्या बहुतेक कौटुंबिक आणि गावच्या गटांवर एक जुना संदेश नव्याने फिरू लागतो. गाडीत बसताक्षणी एसी लावू नका, आधी काचा उघडा, कारण उन्हात तापलेला डॅशबोर्ड, सीट आणि सुगंधाची डबी यांतून बेन्झीन हा कर्करोगकारक वायू निघतो, असे त्यात बजावलेले असते आणि सोबत आकडेही दिलेले असतात. बंद जागेत बेन्झीनची मान्य पातळी दर चौरस फुटाला ५० मिलिग्रॅम, काचा लावून आडोशाला उभ्या केलेल्या गाडीत ४०० ते ८०० मिलिग्रॅम आणि ६० अंश फॅरनहाइटच्या वरच्या तापमानात उघड्यावर उभ्या गाडीत २००० ते ४००० मिलिग्रॅम, असा तो हिशेब आहे. मूळ इंग्रजीतून आलेल्या या मजकुराला फिरता फिरता बऱ्याच शेपट्या फुटल्या आहेत. आतली हवा आतच फिरवणारे बटण दाबले तर ऑक्सिजन संपतो, एसीने मायलेज निम्मे होते, पावसाळ्यात एसी लावू नये, दर उन्हाळ्याला गॅस भरून घ्यावा, टेपला बॅटरी फारशी लागत नाही, आणि झोप आली तर काच खाली करून गाणी मोठ्याने लावावीत, अशी ही यादी आहे. मूळ संदेशातील एक कृती, म्हणजे आधी काचा उघडणे, योग्य आहे; परंतु तिचे कारण चुकीचे दिले आहे, आणि त्या चुकीच्या कारणामुळे गाडीतल्या खऱ्या धोक्यांकडे लोकांची पाठ होते, म्हणून त्याचे मुद्देसूद उत्तर देणे आवश्यक वाटते.

पहिला आणि मुख्य मुद्दा बेन्झीनचा. बेन्झीनमुळे कर्करोग होतो हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटात, म्हणजे मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत, ठेवले आहे. मात्र संदेशातले एककच त्याचा खोटेपणा उघड करते. हवेतल्या वायूचे प्रमाण घनमीटरला किती, असे मोजतात. चौरस फूट हे प्लॉट आणि फरशी मोजण्याचे माप आहे. भारताने २००९ साली ठरवलेल्या हवेच्या मानकांत बेन्झीनची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा ५० मिलिग्रॅमची ‘मान्य पातळी’ कोणी मान्य केली, हा प्रश्नच आहे. तरीही वादापुरते समजू, की ४००० मिलिग्रॅम हा आकडा संपूर्ण गाडीतल्या हवेचा आहे. लहान गाडीत साधारण ३ घनमीटर हवा मावते, म्हणजे घनमीटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम, अर्थात हवेच्या दशलक्ष भागांत सुमारे ४०० भाग बेन्झीन झाले. अमेरिकेत कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांच्या पाळीची सरासरी मर्यादा दशलक्षात १ भाग आहे. तिच्या चारशे पट बेन्झीन कोंडलेल्या गाडीत जो बसेल त्याचे डोके दुखू लागेल आणि त्याला गुंगी येईल; हे खरे असते तर मे महिन्यात मंगल कार्यालयाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांतून परत निघालेले अर्धे वऱ्हाड वाटेतच दवाखान्यात उतरवावे लागले असते.

तापमानाची अटही तपासून पाहण्यासारखी आहे. ६० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे साडेपंधरा अंश सेल्सिअस. परभणीत हिवाळ्यातल्या ज्या सकाळी माणसे कानाला मफलर गुंडाळून चहाच्या टपरीवर उभी असतात, त्या सकाळचे हे तापमान आहे. ज्याने हा आकडा पुढे पाठवला त्याने तो एकदा सेल्सिअसमध्ये करून पाहिला असता तरी पुढचे काम वाचले असते.

प्रत्यक्ष मोजमापही झालेले आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली एक नवी आणि एक तीन वर्षे जुनी गाडी प्रखर दिव्यांखाली सुमारे ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली आणि आतल्या हवेचा पेशींवर काय परिणाम होतो ते तपासले. नव्या गाडीत सर्व प्रकारच्या बाष्पशील सेंद्रिय संयुगांचे, म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या रसायनांचे, मिळून प्रमाण घनमीटरला सुमारे ११ मिलिग्रॅम आणि जुन्या गाडीत सुमारे सव्वा मिलिग्रॅम भरले. त्या हवेत विषारीपणा आढळला नाही, मात्र नव्या गाडीच्या हवेने ॲलर्जीची प्रतिक्रिया थोडी वाढू शकते असे दिसले. तेव्हा ‘नव्या गाडीचा वास’ अगदी निरुपद्रवी आहे असे मीही म्हणणार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात ठेवलेल्या नव्या गाडीत फॉर्मल्डिहाइड या घातक वायूचे प्रमाण चिनी मानकापेक्षा जास्त निघाले होते, त्यामुळे नवी गाडी पहिले काही महिने मोकळ्या हवेवर उघडी करून मगच चालवणे शहाणपणाचे आहे. पण बेन्झीनच शोधायचे असेल तर ते डॅशबोर्डपेक्षा पेट्रोलमध्ये शोधावे. बीएस-६ पेट्रोलमध्येही त्याला १ टक्क्यापर्यंत मुभा आहे. पंपावर टाकी भरताना उठणाऱ्या वाफेत आणि चौकात पुढच्या गाडीच्या धुरात ते असते, आणि विनोद असा, की तेथेच संदेश पाळणारा माणूस काचा खाली करून बसलेला असतो.

उन्हात उभ्या गाडीत खरोखर घातक असते ती उष्णता. ‘पीडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली आलेल्या अभ्यासानुसार, बाहेर माफक तापमान असतानाही बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. नांदेड-परभणीकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसला असताना याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही लग्नाच्या गर्दीत, ‘बाळ झोपलंय, काच थोडी उघडी ठेवली आहे, पाच मिनिटांत येतो’ असे म्हणणारे सापडतात. लहान मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापते. वायूची भीती घालणाऱ्या या संदेशात त्याबद्दल एक अक्षर नाही, आणि माझा त्याच्यावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

गाडीत बसल्यावर करायचे ते असे. चारही काचा खाली कराव्यात, इंजिन सुरू करून ब्लोअर जोरात लावावा, बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय ठेवावा आणि लगेच निघावे. उभ्या गाडीत पाच मिनिटे थांबून राहण्यापेक्षा चालत्या गाडीतून कोंडलेली गरम हवा लवकर निघून जाते. एसी त्याच वेळी लावण्यास हरकत नाही. एक-दोन मिनिटांनी काचा बंद करून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे, म्हणजे बाहेरची त्रेचाळीस अंशांची हवा पुन्हा पुन्हा थंड करत बसण्याऐवजी आतली निवलेली हवाच आणखी थंड होते. साध्या, म्हणजे फिरवायच्या खटक्याच्या एसीत तापमानाचा खटका पूर्ण निळ्या टोकाला ठेवावा. तो मध्यावर आणला तर थंड झालेल्या हवेत हीटरची गरम हवा मिसळली जाते, म्हणजे आधी पेट्रोल जाळून थंडावा करायचा आणि मग तो घालवायचा. गार वाटू लागले तर ब्लोअर कमी करावा. ऑटो एसीत मात्र १६ अंश लावले म्हणून गाडी २४ अंशांपेक्षा लवकर थंड होत नाही, कारण तापलेल्या गाडीत दोन्ही वेळी यंत्रणा पूर्ण ताकदीनेच चालते.

दुसरा मुद्दा त्या बटणाचा, ज्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो. ते दाबल्याने ऑक्सिजन संपतो हा दावा चुकीचा आहे, पण त्यामागे एक खरी गोष्ट अर्धवट दडलेली आहे. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ ते २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. गाडीतल्या ३००० लिटर हवेत चार माणसे बसली आणि एकही फट नाही असे धरले, तर पंधरा मिनिटांत हा वायू सुमारे ०.६ टक्क्यावर जातो. बाहेरच्या हवेत तो ०.०४ टक्का असतो. तेवढ्या वेळात ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम अर्धा-पाऊण टक्का उतरलेला असतो. प्रत्यक्षात गाडीला फटी असतात, म्हणून आकडे याहून कमी येतात, पण डोके जड होणे, सुस्ती येणे आणि लक्ष मंदावणे यांना कार्बन डायऑक्साइडची ही वाढ पुरेशी असते. समृद्धी महामार्गावर जालन्याहून नागपूरकडे सरळ रेषेत गाडी चालवताना जेवणानंतर जी गुंगी येते, तिचा सगळा दोष रस्त्याच्या एकसुरीपणावर टाकण्यापूर्वी ते बटण किती वेळ दाबलेले आहे हेही पाहावे. गाडी थंड झाल्यावर अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. उलट उसाच्या ट्रॉलीमागे, मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर किंवा धूर ओकणाऱ्या ट्रकमागे अडकले असताना हेच बटण दाबून ठेवावे. ते त्यासाठीच आहे. कार्बन मोनॉक्साइड मात्र या बटणाने तयार होत नाही. तो इंजिनात इंधन अपुरे जळल्याने निर्माण होतो, आणि बंद गॅरेजमध्ये किंवा सायलेन्सर गळत असताना इंजिन चालू ठेवून एसीत झोपणे त्यामुळेच जिवावर बेतू शकते.

मायलेज निम्मे होते हे अतिशयोक्त आहे. एसीचा बोजा इंजिनावर पडतोच, पण सर्वसाधारणपणे खर्च पाच ते वीस टक्क्यांच्या आसपास वाढतो. बाजारपेठेत संथ चालताना काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते; मोकळ्या महामार्गावर शंभराच्या वेगाने उघड्या काचांतून शिरणारी हवा गाडीला मागे ओढते आणि तो फायदा खाऊन टाकते.

पावसाळ्यात एसी न लावण्याचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे. एसी हवेतले पाणी काढून घेतो, म्हणून समोरची काच आतून धुरकट झाली की एसी चालू, बाहेरची हवा आत आणि झोत काचेकडे, हाच सर्वांत जलद उपाय आहे. फडक्याने पुसत बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही.

गॅसचा मुद्दा थोडक्यात सांगता येतो. एसीतला गॅस बंद नळ्यांत फिरतो. तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दरवर्षी गॅस मारून घेणे म्हणजे फुटक्या हौदात टँकर रिकामा करणे होय. आपल्याकडे थंडावा कमी होण्याचे कारण बहुधा गॅस नसतेच. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्स उघडून त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे केबिन फिल्टरचे, म्हणजे आत येणारी हवा गाळणाऱ्या जाळीचे, झाकण दिसते. सुगीनंतर तो फिल्टर बाहेर ओढून पाहावा: घड्यांमध्ये काळ्या मातीची बारीक भुकटी, सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू, आणि गाडी कडुलिंबाखाली उभी राहत असेल तर वाळलेला लिंबाचा पालाही, जो समोरच्या काचेखालच्या जाळीतून आत उतरतो. असा फिल्टर बदलला तर ब्लोअर तिसऱ्या घरावर ठेवून जेवढी हवा येत होती, तेवढी दुसऱ्याच घरावर येऊ लागते.

आता आवाजाकडे. इंजिन बंद करून टेप चालू ठेवला तर बॅटरी उतरत नाही, हे केवळ थोड्या वेळापुरते खरे आहे. लहान गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. सोबत ॲम्प्लिफायर आणि सबवूफर बसवलेले असतील आणि ते १० अँपिअर ओढत असतील, तर दोन तासांच्या आत बॅटरी अर्ध्यावर येते आणि स्टार्टर कण्हू लागतो. गाडीची बॅटरी एकदम मोठा झटका देण्यासाठी बनवलेली असते, पूर्ण रिकामी करून पुन्हा भरण्यासाठी नव्हे; शिवाय आपल्याकडचा उन्हाळा तिचे आयुष्य आधीच कमी करत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास, तर ९० डेसिबल केवळ ४ तास ऐकणे सुरक्षित आहे. उघड्या काचांतून येणाऱ्या वाऱ्यावर मात करण्यासाठी चालक आवाज वाढवत नेतो, म्हणून महामार्गावर काचा लावून एसी चालवणे कानांच्याही फायद्याचे आहे. गाणे बदलायचे असेल तर स्टिअरिंगवरचे बटण वापरावे, कारण शंभराच्या वेगाने दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिले तर गाडी पंचावन्न मीटर पुढे गेलेली असते.

शेवटचा सल्ला, काच खाली आणि गाणी मोठ्याने, हा रात्री तुळजापूरहून परतणाऱ्या भाविकांपासून खासगी बसच्या चालकांपर्यंत सगळे पाळतात. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठात १९९८ साली नेमका हाच उपाय तपासला गेला होता: पेंगुळलेल्या चालकांना तोंडावर थंड हवा आणि रेडिओ देऊन पाहिले, तेव्हा परिणाम किरकोळ आणि थोडाच वेळ टिकणारा आढळला. त्याच संशोधकांच्या प्रयोगांत उपयोगी ठरले ते कॉफी घेऊन पंधरा मिनिटे डोळे मिटणे. ती पंधरा मिनिटे रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यात न काढता पंपावर, ढाब्यावर किंवा विश्रांतीस्थळावर काढावीत आणि त्या वेळी इंजिन बंद करून काचा खाली कराव्यात.