बसायला जागा नाही, हे पटलं नाही

‘पुण्यात विद्यार्थ्याला दोन तास निवांत बसायचं तर कॅफेशिवाय पर्याय नाही’ हे पुण्यात विद्यार्थ्यांनी स्वस्तात कसं भागवावं यावरच्या लेखातलं वाक्य वाचून राहवलं नाही. मी उदगीरहून शिकायला आले तेव्हा मेसचे पैसे भरले की हातात फारसं काही उरत नसे. माझ्या दुपारी गेल्या जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वरात. आठव्या शतकातलं, कातळात कोरलेलं लेणं, समोर गोल नंदीमंडप. बाहेर हॉर्नचा गोंगाट, आत मात्र भर मे महिन्यातही गारवा. तिकीट कधी काढावं लागलं नाही. परीक्षेआधीची कितीतरी उजळणी मी तिथल्या झाडाखाली केली आहे.

आणि स्वस्ताईबद्दल लिहिताना वापरलेल्या वस्तूंचा ‘जुना बाजार’ कसा सुटला? बुधवारी आणि रविवारी भरतो. इंजिनिअरिंग ड्रॉइंगसाठी लागणारा माझा मिनीड्राफ्टर तिथलाच, घासाघीस करून ऐंशी रुपयांत घेतलेला; चार वर्षं चालला, मग धाकट्या भावाने वापरला. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांचा उल्लेख आहे, पण वर्ष संपल्यावर तीच पुस्तकं परत विकता येतात हे नवीन मुलांना सांगायला हवं होतं. माझी पुढच्या सेमिस्टरची निम्मी पुस्तकं त्याच पैशांत यायची.