मामा, ते कासव वेळासचं नाही

मुरूडच्या मामाने परवा पहाटे पुळणीवर कासवाचा माग पाहिला आणि कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्याला, फोनच केला नाही. कारण काय, तर व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज. मलाही तो तीन ग्रुपांवरून आलाय. म्हणणं असं: दक्षिण अमेरिकेजवळच्या गालापागोस बेटांवर कासवं वाचवायच्या नावाखाली शास्त्रज्ञांनी दीड लाख बकऱ्या मारल्या, शेवटचं कासव कोंडून संपवलं, आणि तोच धंदा आता आपल्या किनाऱ्यावर चाललाय. अंडी उचलू देऊ नका, निसर्ग आपलं आपण बघतो.

आधी मेसेजमधला फोटो. 'वेळासचं कासव' (वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं कासवांच्या घरट्यांचं गाव) म्हणून जे धूड दाखवलंय ते गालापागोसचं, जमिनीवर राहणारं, दोन-अडीचशे किलोंचं. आपल्याकडे येते ती ऑलिव्ह रिडले, समुद्रातली, चाळीसेक किलोंची. मराठीत दोघांनाही कासवच म्हणतात, त्याचा हा फायदा उठवलाय.

बकऱ्या मारल्या, हे खरं. १९९७ ते २००६ या काळात सँतियागो बेट आणि इसाबेलाचा उत्तर भाग मिळून एक लाख चाळीस हजारांच्या वर, बऱ्याचशा हेलिकॉप्टरमधून. मटण तिथंच कुजलं. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण त्या बकऱ्या तिथं निसर्गाने नेल्या नव्हत्या, माणसांनी नेल्या होत्या. शेजारच्या पिंटा बेटावर १९५९ मध्ये कोळ्यांनी फक्त तीन सोडल्या, त्यांच्या पुढे हजारो झाल्या. इसाबेलाच्या आल्सेदो ज्वालामुखीवर झाडांना धुकं अडतं, थेंब थेंब खाली गळून डबकी साचतात, कोरड्या दिवसांत कासवं तेच पाणी पितात. आंबोलीत धुक्याच्या दिवशी झाडाखाली उभं राहून पाहा, पाऊस नसताना डोकं भिजतं. बकऱ्यांनी ती झाडंच संपवली. झाड नाही तर डबकं नाही, सावलीही नाही.

आणि नुसत्या गोळ्यांनी काम झालं नाही. शेवटच्या शे-दोनशे बकऱ्या कपारींत दडतात आणि पुन्हा वाढतात. म्हणून बकरीच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधून सोडली. बकरीला एकटं राहवत नाही, ती कळप शोधत जाते आणि मागोमाग शिकारी पोचतात. फितूर बकरी म्हणा हवं तर.

मेसेजमधलं शेवटचं कासव म्हणजे लोनसम जॉर्ज, पिंटा बेटाच्या जातीतला शेवटचा. १९७१ मध्ये सापडला तेव्हाच तो एकटा होता. २०१२ मध्ये मेला. त्याला संपवला कुणी?

आता अंडी. मेसेजमधलं खरं विष इथं आहे. गालापागोसच्याच पिन्झोन बेटावर जहाजांतून उतरलेले उंदीर कासवांची पिल्लं खात. शंभराहून जास्त वर्षं तिथं एक पिल्लू जगून मोठं झालं नाही, उरली ती म्हातारी कासवं. १९६५ पासून अंडी उचलून सांताक्रूझ बेटावरच्या केंद्रात नेली, पिल्लं चार-पाच वर्षं वाढवली, उंदरांना पुरून उरतील एवढी झाली की परत सोडली. २०१२ मध्ये उंदीर संपवले, त्यानंतर बेटावर जन्मलेली पिल्लं तिथंच जगू लागली. मेसेजवाल्याने नाव घेतलं गालापागोसचं, आणि अंडी उचलून जात वाचवल्याचा मोठा दाखला तिथलाच आहे!

आपल्या पुळणीवर उंदरांच्या जागी गावातली मोकाट कुत्री आहेत, कोल्हे आहेत, आणि परवापरवापर्यंत अंडी विकणारी माणसं होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये वेळासला कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं ते यासाठीच.

एक गोष्ट मान्य. घरटं सुरक्षित असेल तर जागच्या जागीच बरं. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी ते ठरतं, त्यामुळे हॅचरीची, म्हणजे उचललेली अंडी पुन्हा पुरतात त्या कुंपणाची, जागा चुकली तर घोळ होतो. पण मामाच्या घरामागच्या पुळणीवर सात कुत्री झोपतात.

हे सगळं काल मामाला फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी करतो फोन. पण एवढं मटण फुकट घालवलंन, ते काय बरं नाही."